तालुक्याच्या गावी राहून एएच्या मीटिंगला कसे जावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे, चाळिशी ओलांडलेले एक माध्यमिक शिक्षक व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन तीन आठवडे झाले आहेत. दारू बंद आहे. केंद्रातून निघताना डॉक्टरांनी ‘एएच्या मीटिंग करा’ एवढेच सांगितले. एए म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांचा, एकमेकांना आधार देणारा गट. आपल्या गावात अशी मीटिंग भरते का, हे त्यांना ठाऊक नाही. शेजारच्या शहरात ते एकदा जाऊन आले. तेथे प्रार्थना झाली, एकेकाने आपली कहाणी सांगितली, आणि ती ऐकून ‘आपण काही इतके वाया गेलेले नाही’ असे वाटून ते परतले. विद्यार्थ्यांच्या पालकांपैकी कोणी आपल्याला तेथे पाहिले तर काय, ही धास्ती वेगळीच. पत्नी सोबत यायला तयार आहे. तिला नेता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे.

सर, मी अनेक वर्षे एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक म्हणून काम करतो. मी स्वतः एएचा सदस्य नाही. पाहुण्यांना परवानगी असलेल्या मीटिंगना मी बसलो आहे, आणि ज्यांना मीटिंगला पाठवले त्यांच्यापैकी कोण टिकले व कोण पहिल्याच फेरीत परत फिरले, हे जवळून पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की मीटिंगचा पत्ता हातात असणे आणि मीटिंगला जाऊ लागणे यांत मोठे अंतर असते, आणि ते माहितीने फारसे कमी होत नाही. तेथे आपली वाट पाहणारे एखादे माणूस असले की कमी होते. तुमच्या पत्रात तुम्ही पत्ता विचारला आहे. मला वाटते, तुम्हाला हवे आहे ते असे एक माणूस.

हे केवळ माझे मत नाही. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दारूसाठी उपचार घेणारे वीस जण होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने एएची माहिती, पत्ता आणि वेळ देऊन जाण्याचा आग्रह केला गेला. उरलेल्या निम्म्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका एए सदस्याला फोन लावून दिला, त्या सदस्याने सोबत घेऊन जायची तयारी दाखवली आणि मीटिंगच्या आधी आठवणीचा फोनही केला. पहिल्या गटातील एकही जण मीटिंगला गेला नाही, दुसऱ्या गटातील सगळे गेले. वीस जणांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य, पण आमच्या विभागातील अनुभव याच दिशेचा आहे. ‘मीटिंग करा’ असे डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेले बहुतेक लोक जात नाहीत, आणि यात दोष त्यांच्या इच्छाशक्तीचा नसतो. अनोळखी खोलीच्या दारात एकट्याने उभे राहणे तीन आठवड्यांपूर्वी दारू सुटलेल्या माणसाला फार जड जाते.

पुढे जाण्यापूर्वी एक सावधगिरी, जी तुमच्यापेक्षा हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी अधिक आहे. जो अजून रोज पितो आहे, सकाळी हात थरथरतात म्हणून पितो आहे, त्याने ‘उद्यापासून बंद आणि थेट मीटिंग’ असे परस्पर ठरवू नये. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप, ताप, भास आणि भ्रम असलेली अशी अवस्था येऊ शकते की उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य गोळ्या आणि थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व घेऊनच काढावेत. तुमच्या बाबतीत हा टप्पा केंद्रात पार पडला आहे. तुम्हाला एवढेच सांगतो की केंद्राने दिलेली औषधे मीटिंग सुरू केली म्हणून बंद करू नका. पुढे या मुद्द्यावर पुन्हा येईन, कारण मीटिंगमध्येच कधी कधी उलटा सल्ला मिळतो.

आता शोधायचे कसे ते पाहू. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून सोबर, म्हणजे दारूपासून दूर, राहू लागले, तेथून ही चळवळ सुरू झाली. भारतात ती १९५७ च्या सुमारास मुंबईत रुजली. तिचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय, ज्याला जनरल सर्व्हिस ऑफिस म्हणतात, मुंबईत आहे. त्याच्या संकेतस्थळावर मीटिंगची माहिती आणि मदतीचा फोन क्रमांक मिळतो. मोठ्या शहरांत गटांचे मिळून एक इंटरग्रुप असते, आणि आसपासच्या तालुक्यांत कोठे काय चालू आहे याची ताजी खबर बहुधा त्यांच्याकडेच असते. छापील किंवा इंटरनेटवरच्या यादीवर विसंबून थेट एसटीत बसू नका. गट महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या आवारात, एखाद्या संस्थेच्या खोलीत भरतात. शाळेने खोली काढून घेतली की जागा बदलते, सदस्य कमी झाले की वार बदलतो, आणि यादी मात्र तशीच राहते. कुलूप लावलेल्या दारावरून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा सहसा जात नाही.

म्हणून आधी फोन करा. बोलायचे काय, याचीच अनेकांना भीती वाटते, तेव्हा मी लोकांना वाक्येच लिहून देतो: ‘नमस्कार. तीन आठवडे झाले, मी प्यालेलो नाही. मला मीटिंगला यायचे आहे, पण तेथे कोणाला ओळखत नाही. मीटिंगच्या आधी कोणी मला बाहेर भेटू शकेल का?’ नाव सांगण्याची गरज नाही, गावही सांगू नका वाटल्यास. मग तीन गोष्टी विचारून घ्या: या आठवड्यात ही मीटिंग नक्की भरणार आहे का, भाषा मराठी आहे की हिंदी-इंग्रजी, आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, माझ्यासारखे पाहुणे येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे तेच. आपण कोणाला त्रास देतो आहोत असा संकोच बाळगू नका. फोन उचलणारा बहुधा स्वतः सदस्य असतो, आणि नव्या माणसाला हात देणे हा एएच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी शेवटच्या पायरीचा भाग आहे. तुम्हाला बाहेर भेटायला आलेला माणूस स्वतःची सोब्रायटी सांभाळण्यासाठीही आलेला असतो, हे मला सदस्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की आता मी ते निःशंकपणे पुढे सांगतो.

एएखेरीजही वाटा आहेत. तुम्ही ज्या केंद्रात होता, तेथील पाठपुराव्याच्या बैठका हा सर्वांत जवळचा मार्ग, कारण तेथे चेहरे ओळखीचे असतात. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते आहे आणि त्याचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही चालतात. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मानसिक आरोग्यसेवा आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, दोन्ही मोफत आहेत; त्यांच्याकडून गटाची बारीक माहिती प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही, पण जवळचा मानसोपचार विभाग कोठे आहे हे कळू शकते. एक मात्र लक्षात असू द्या. एएला स्वतःची खाट नाही, केंद्र नाही, फी नाही. मीटिंगच्या शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य ऐच्छिक पैसे टाकतात, आणि बाहेरच्यांची देणगी ते परंपरेने घेत नाहीत. तेव्हा ‘एएचे केंद्र’ म्हणून महिन्याचे पैसे सांगणारी जागा ही एखाद्या खाजगी व्यक्तीची संस्था असते. ती चांगली असू शकेल किंवा नसेल, पण ती एए नाही.

पालकांनी पाहिले तर काय, हा तुमच्या पत्रातील सर्वांत खरा प्रश्न आहे, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून तो उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. शहरातील माणसाला गर्दीचा आडोसा असतो. तालुक्याच्या गावात शिक्षकाला नाही. म्हणून माझा सल्ला असा, की पहिले दोन-तीन महिने आपल्या गावी मीटिंग असली तरी ती टाळा आणि तासाभराच्या अंतरावरील शहरात जा. तेही क्लोज्ड मीटिंगला. क्लोज्ड मीटिंगमध्ये तुम्हाला पाहणारा प्रत्येक जण त्याच कारणाने तेथे बसलेला असतो. तुमच्या विद्यार्थ्याचे वडील तेथे भेटलेच, तर त्यांनाही तुमच्याइतकेच लपवायचे असते, आणि बहुतेक वेळा पुढे त्यांच्याशीच सर्वांत घट्ट मैत्री होते. पुरेसे बळ आले की गावातल्या गटात या, कारण रात्री आठ वाजता तलफ आली तर तासाभराच्या अंतरावरचा माणूस फोनवर बोलेल, पण दार वाजवायला गल्लीतला माणूसच लागतो.

गोपनीयतेविषयी मात्र भाबडे राहू नये. ‘येथे ऐकलेले येथेच ठेवा’ हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगितले जाते आणि माझ्या पाहण्यात लोक ते बऱ्यापैकी पाळतात. पण ती एकमेकांवरच्या विश्वासाने चालणारी रीत आहे, कायद्याचे संरक्षण नव्हे. नोकरीवर किंवा न्यायालयात परिणाम होईल अशी एखादी गोष्ट तुमच्याकडे असेल, तर ती भर मीटिंगमध्ये न बोलता आधी समुपदेशकाशी किंवा वकिलाशी बोला. दुसरे, हल्ली पहिल्याच दिवशी कोणीतरी प्रेमाने तुम्हाला गटाच्या व्हॉट्सॲपवर घेतो. तेथे तुमचा क्रमांक आणि प्रोफाइलवरचा फोटो सगळ्यांना दिसतो, आणि शाळेच्या वार्षिक संमेलनातला फोटो लावलेला असेल तर कोणी सांगायलाही नको. ‘मला थोडे दिवस द्या’ असे नम्रपणे सांगता येते. ऑनलाइन मीटिंगमध्येही आत जाण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव बदलून घ्या. पूर्ण नाव आणि आडनाव आपोआप झळकते, हे अनेकांना आत गेल्यावर कळते.

आणि एक कटू गोष्ट सांगू का? गावाला आपले पिणे ठाऊक नाही, असे जवळजवळ प्रत्येक रुग्णाला वाटत असते. ज्याने तुम्हाला परमिट रूमच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिले, त्याने तुम्हाला मीटिंगच्या दारात पाहिले, तर तुमची इज्जत त्याच्या लेखी कमी होईल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मीटिंगमध्ये काय चालते ते, कारण एकदा जाऊन आल्यावरही तुम्हाला ते परके वाटले. साधारण तास-दीड तासाची मीटिंग असते. सुरुवातीला क्षणभर शांतता आणि एएच्या प्रस्तावनेचे वाचन, मग एखाद्या पायरीवर किंवा विषयावर वाचन, त्यानंतर शेअरिंग. प्रत्येक जण आपले पहिले नाव आणि ‘मी अल्कोहोलिक’ असे म्हणून बोलू लागतो. कोणी मध्ये तोडत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. हे शिक्षकी पेशातील लोकांना सुरुवातीला विचित्र वाटते, कारण वर्गात उत्तर आल्यावर त्यावर बोलायची आपल्याला सवय असते. येथे तसे न करण्यामागे कारण आहे: सल्ला सुरू झाला की सांगणारा बचाव करू लागतो, आणि बचाव करणारा माणूस खरे बोलत नाही. तुमची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. पुढच्या वेळीही तेच म्हणालात तरी चालते. ‘मी अल्कोहोलिक’ हे शब्द तोंडून निघत नसतील तर नुसते नाव सांगा. सदस्यत्वासाठी एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. ती तुम्ही कोणापुढे सिद्ध करायची नसते.

प्रार्थनेचे म्हणाल, तर शेवटी हात धरून म्हटली जाते ती प्रार्थना कोणत्याही एका धर्माची नाही, आणि पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख ‘आम्हाला तो जसा उमगला तसा’ अशा शब्दांत येतो. माझ्याकडे येणाऱ्यांत कट्टर नास्तिकही आहेत. ते त्या वेळी गप्प उभे राहतात आणि गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात; कोणी त्यांना हाकलून देत नाही. काही गटांत भक्तीचा सूर जास्त असतो, काहींत अगदी कमी. जमले नाही तर गट बदला, एवढ्यासाठी मीटिंगच सोडू नका. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले कितीतरी लोक आहेत, हे तुम्हीही पाहिले असेल. त्यांच्याशी बोललो की मला नेहमी जाणवते, की माळेसोबत त्यांना संध्याकाळचे भजन मिळते, एकादशी मिळते, दिंडीतले सोबती मिळतात, आणि पिण्याच्या वेळेला जाण्यासाठी एक जागा मिळते. ज्याने माळ घातली पण या माणसांत मिसळला नाही, त्याची माळ लवकर उतरलेली मी पाहिली आहे. देवावरची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. संध्याकाळी सात वाजता बसायला न पिणाऱ्या माणसांची संगत मात्र लागतेच.

‘आपण इतके वाया गेलेले नाही’ हा विचार पहिल्या मीटिंगनंतर इतक्या जणांच्या मनात येतो, की तो मला आजाराच्या लक्षणांतच धरावासा वाटतो. ज्याने घर विकले, जो फुटपाथवर झोपला, त्याची कहाणी ऐकून नोकरी टिकवून असलेला माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. यालाच जोडून दुसरा युक्तिवाद येतो: ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंबही घेत नाही, मग मी व्यसनी कसा?’ महिनाभर थांबता येणे आणि सुरू केल्यावर हवे तेथे थांबता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटारी अमावस्येला किती झाली आणि श्रावण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी किती झाली, हे विचारले की उत्तर आपोआप मिळते. जुने सदस्य नव्यांना सांगतात की कहाणीतील घटना आपल्याशी ताडून पाहू नका, त्या माणसाच्या मनात काय चालले होते ते ऐका. बाटली लपवण्याची जागा बदलत राहणे, सकाळी कालचे आठवत नाही म्हणून घरच्यांच्या चेहऱ्याकडे चोरून पाहणे, उद्यापासून बंद अशी शपथ घेऊन पहिला घोट घेणे. यांपैकी काही ओळखीचे वाटले, तर योग्य खोलीत आलो आहोत असे समजावे.

किती मीटिंग कराव्यात, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ते शक्य आहे, आणि ज्याला संध्याकाळ सांभाळणेच कठीण जाते त्याला मीही तेच सुचवतो. तालुक्याच्या गावातून ते जमणार नाही, आणि जमले नाही म्हणून हार मानण्याचे कारण नाही. ती एक पद्धत आहे, नियम नाही. तुमच्यासारख्याला मी असे सुचवतो: आठवड्यातून एक प्रत्यक्ष मीटिंग, तिचा वार ठरलेला आणि त्या दिवशी दुसरे काही नाही; मध्ये दोन-तीन ऑनलाइन; आणि रोज एका सदस्याला पाच मिनिटांचा फोन, तलफ असो वा नसो. फोन रोज करायचा तो यासाठी, की खरोखर तलफ येते तेव्हा अनोळखी क्रमांक लावण्याचे बळ उरत नाही, सवयीचा क्रमांक लावता येतो. प्रत्यक्ष मीटिंगचा वार निवडताना आपला धोक्याचा वार पाहा. शिक्षकांच्या बाबतीत तो बहुधा शनिवार असतो, कारण शाळा दुपारी सुटते आणि रविवारी सुट्टी असते. पगाराचा दिवस, लग्नसराईतले हळदीचे कार्यक्रम, गावची जत्रा, थर्टी फर्स्ट, हे दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा आणि त्या संध्याकाळी कोठे असायचे ते त्या गटातल्या माणसांशी बोलून ठरवा.

पहिल्या मीटिंगवरून गटाबद्दल मत बनवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. निदान सहा-आठ मीटिंग, आणि त्या दोन-तीन वेगळ्या गटांत. एखाद्या गटात सगळे निवृत्त लोक असतात, एखाद्यात विशीतली मुले, एखाद्यात एकच बोलका सदस्य सगळा वेळ खातो. तुम्ही गेलात तो दिवस वाईटही असू शकतो. आणि कृपा करून मीटिंग सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचा व संपल्यावर लगेच एसटी स्टँड गाठू नका. जे टिकले त्यांच्याकडून मी ऐकले आहे ते असे, की मीटिंगमधले शब्द ते विसरले, पण खुर्च्या मांडताना किंवा नंतर चहा पिताना कोणीतरी ‘पगाराच्या दिवशी मला फोन कर’ म्हणाले, ते लक्षात राहिले. शक्य असेल तर खुर्च्या मांडण्याचे काम मागूनच घ्या. हाताला काम असले की संकोच कमी होतो. काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधावा, म्हणजे पायऱ्यांमधून तुम्हाला घेऊन जाणारा जुना सदस्य. तो तुमच्याच लिंगाचा असावा, किमान वर्षभर सोबर असावा, आणि तुम्ही त्याला बदलू शकता हे दोघांनाही मान्य असावे.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असे एक शिक्षक विचारणारच. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. समुपदेशकाने ठरावीक पद्धतीने रुग्णाला एएशी जोडून दिले, तर वर्षभर अखंड न पिणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ४२ च्या आसपास होते, आणि इतर मान्यताप्राप्त समुपदेशन पद्धतींत ३५ च्या आसपास. यातील बहुतांश अभ्यास अमेरिकेतील आहेत, तेव्हा साताऱ्यात हेच आकडे येतील असे मी म्हणणार नाही. आणि हेही पाहा, की चांगल्या उपचारानंतरही निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात कधीतरी पितात. हे निराशेसाठी नाही, तयारीसाठी सांगतो. तुमच्याकडून स्लिप झाली, तर लाज वाटून मीटिंग थांबवण्याची इच्छा सर्वांत तीव्र असेल, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मीटिंगला जाणे सर्वांत महत्त्वाचे असेल. प्यालेला माणूसही शांत बसून ऐकणार असेल तर बहुतेक गट त्याला बसू देतात. पिणे पुन्हा काही दिवस रोजचे झाले असेल, तर मात्र आधी डॉक्टर. वर सांगितलेला फिटचा धोका पुन्हा लागू होतो.

काही परिस्थितींत नुसता गट पुरत नाही. झोप पूर्ण उडाली आहे, जगणे नकोसे वाटते, भास होतात, किंवा दारूसोबत झोपेच्या गोळ्यांचीही सवय आहे, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची भेट मीटिंगच्या आधी येते. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्याला ‘गोळी म्हणजेही नशाच, ती सोड’ असे सांगणारा सदस्य क्वचित भेटतो. एएचेच साहित्य स्पष्ट सांगते की कोणत्याही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये. तेव्हा त्याला नमस्कार करून गोळी चालू ठेवा. कोणी उसने पैसे मागू लागला, धंद्याची स्कीम सांगू लागला, तर दुसरा गट पाहा. हे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी एक वेगळी अडचण आहे: जिल्ह्याच्या ठिकाणच्या मीटिंगमध्ये बहुधा सगळे पुरुषच असतात, आणि एकट्या स्त्रीला तेथे अवघडल्यासारखे होते. फोनवरच स्त्री सदस्याशी बोलायचे आहे असे सांगावे आणि स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करावी. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी वेगळा विभागही आहे.

राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न. ओपन मीटिंगला त्यांना अवश्य न्या, निदान एकदा तरी. त्यांनी इतकी वर्षे जे एकट्याने सोसले ते दुसऱ्या घरांतही घडते, हे त्यांना तेथे कळेल. पण दर आठवड्याला त्या तुमच्यासोबत येतील आणि तुम्ही आत गेलात ना हे बघतील, अशी व्यवस्था करू नका. अशाने त्या पहारेकरी होतात, आणि पहारेकऱ्याला चुकवण्याचा तुम्हाला जुना सराव आहे. तसेच दारू प्यायल्यास त्रास होईल अशी डायसल्फिरामची गोळी कोणी चहात गुपचूप देण्याचे सुचवले, तर त्यांनी ते अजिबात करू नये. रुग्णाला न सांगता दिलेली ही गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. अल-अनॉन हा पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचा गट १९५१ पासून एएपासून स्वतंत्रपणे चालतो, आणि मुक्तांगणचा ‘सहचरी’ हा पत्नींचा गट मराठीतच बोलतो. जवळपास अल-अनॉनचा गट नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत. त्यासाठीचा पहिला फोन तुम्ही त्यांच्या वतीने करू नका, त्यांचा त्यांना करू द्या, आणि तेथे काय बोलणे झाले ते घरी आल्यावर विचारू नका.